दोन गाठींची टोपली

गोपाळच्या यादीत पहिला नंबर मासे धरण्याचा होता, दुसरा डोंगरावरच्या पडक्या बुरुजाचा आणि तिसरा सीताफळांचा. प्रत्येक कामापुढं त्यानं वेळही लिहून ठेवली होती. त्याचे वडील पूर्णेला रेल्वेत होते, त्यामुळं त्यांच्या घरात वेळापत्रक पाहिल्याशिवाय कुणी पाणीही पीत नसावं असं राजेश्रीला वाटे.

"नऊ ते अकरा मासे," वही मिटत तो म्हणाला. "चला, आपण आधीच दहा मिनिटं लेट आहोत."

"ओढा काय तुझी गाडी हाय का, निघून जायला?" राजेश्री म्हणाली आणि चपला पायात सरकवून बाहेर पडली.

राजेश्री आठवीत होती. गोपाळ तिचा आतेभाऊ, तिच्याहून वर्षानं लहान. दिवाळी पूर्णेत करून सुट्टीचे शेवटचे चार दिवस मामाच्या गावी, टेकवाडीला काढायचे म्हणून तो कालच, रविवारी, गंगाखेडहून एसटीनं आला होता. तिसरा भिडू शेजारचा परमेश्वर. एरवी हा सगळ्यांच्या पुढं पळायचा, आज मात्र पोटावर हात ठेवून मागून रखडत येत होता.

गावात सामसूम होती. सोमवारची सकाळ, पण पारावर कुणी बसलेलं नव्हतं. गोपाळनं दोनदा इकडंतिकडं बघितलं आणि शेवटी विचारलंच, "काय झालंय या गावाला? कुणी बोलतच नाही."

"एकादशी झाली," परमेश्वर म्हणाला. "परवा. मंदिरात फराळ होता. करांद्याची भाजी, गूळ आणि शेंगदाण्याचा कूट घालून. खाल्ली, आणि तासाभरात एकोणीस माणसं ओकायला लागली. मी पण. घसा असा जळायला लागला की मला वाटलं, आतडी बी येतेत आता भायेर."

"कडू लागलं नाही का खाताना?"

"लागलं की. लय कडू लागलं."

"मग थुंकायचं."

"परसाद थुंकतेत का? माझी आजी शेजारी बसली होती. सगळ्यांलाच कडू लागलं म्हणं. पण परसादाला नावं कोण ठेवणार? सगळे गप गिळले."

गोपाळला हसू आलं, पण राजेश्रीचा चेहरा बघून त्यानं ते आवरलं. सरपंच कमलबाईंचा सहा वर्षांचा नातू दत्ता अजून गंगाखेडच्या दवाखान्यात होता. पोरगं वाचेल असं डॉक्टर सांगत होते, पण दोन दिवस त्यानं धड डोळे उघडले नव्हते. आणि सगळ्या गावाचं बोट एकाच घराकडं होतं. करांदे दिले होते धुरपताबाईनं.

धुरपताबाई सत्तरीची. घरात एकटी. तिच्या अंगणातल्या कडुलिंबाच्या झाडावर करांद्याचा वेल चढलेला होता, पार शेंड्यापर्यंत. पानं पानविड्याच्या पानासारखी, आणि पानांच्या बेचक्यात लटकणारे बटाट्याएवढे करांदे. जमिनीखाली कंद वेगळाच. गंगाखेडच्या बाजारात हे करांदे विकून तिची वर्षाची मीठमिरची निघायची, आणि कार्तिकातल्या एकादशीला पहिली टोपली मंदिराला, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. आता बुधवारी सकाळी पारावर बैठक ठरली होती. वेल तोडायचा, आणि धुरपताबाईच्या हातचं काही मंदिरात घ्यायचं नाही, बाजारात विकू द्यायचं नाही.

"त्या धुरपतामायच्या हाताखाली मी लहानपणापासून करांदे निवडलेत," राजेश्री म्हणाली. "ती चुकणार न्हाई."

"म्हातारी आहे," गोपाळ म्हणाला.

"म्हणून काय झालं?"

ओढा धुरपताबाईच्या घराच्या मागूनच जात होता. पाणी जेमतेम घोट्यापर्यंत. गोपाळनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अर्ध्या तासात त्याच्या लक्षात आलं की इथं मासा तर सोडाच, बेडूकही राहायला तयार नाही. त्यानं वहीत पहिल्या नंबरावर काट मारली. राजेश्री मात्र एका काळ्या दगडापाशी खाली बसली होती. दगडाला अंबाडीची सुतळी गुंडाळलेली होती आणि तिचं एक टोक पाण्यात हलत होतं.

"इथं मायची टोपली असते," ती हळूच म्हणाली.

"कसली टोपली?"

मग राजेश्रीनं सांगितलं. डोंगरात रानकरांदा होतो, तो विषारी कडू. दिसायला घरच्यासारखाच. धुरपतामाय तो आणते, राखेच्या पाण्यात उकडते, काप करते आणि टोपलीत भरून वाहत्या पाण्यात तीन दिवस ठेवते. टोपली वाहून जाऊ नये म्हणून दगडाला सुतळी, आणि टोपलीच्या कडीजवळ त्या सुतळीला तीन गाठी. रोज सकाळी पाण्यात हात घालून काप हलवायचे आणि एक गाठ सोडायची. शेवटची गाठ सुटली की करांदा खायला चालतो, त्याच्या आधी न्हाई. गोड करांदे ती देवाला देते, विकते, आणि हे कडू स्वतः खाते.

"मग टोपली कुठंय?"

"तेच बघायलेय."

गोपाळनं सुतळीचं टोक हातात धरलं. "हे तुटलेलं नाही. तुटलं असतं तर धागे विसकटले असते. हे कापलंय, विळ्यानं नाहीतर चाकूनं. आणि एवढ्याशा पाण्यात टोपली वाहून जाईल कशी? माझी वहीसुद्धा नाही जाणार."

परमेश्वरनं पोटावरचा हात काढला. तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि काठ चढून धुरपताबाईच्या अंगणात आले.

ती लिंबाखाली बसली होती. पुढ्यात विळा. चूल थंड होती, आतली जुनी राखसुद्धा काढलेली नव्हती. चूल दोन दिवस पेटलेली नाही हे राजेश्रीला बघताक्षणी कळलं.

"माय, जेवलीस का?"

"कशाचं जेवण गं," धुरपताबाई म्हणाली. "लेकरू तिकडं दवाखान्यात पडलंय. माझ्या हातानं झालं ते. मी गोड म्हणून निवडले, त्यात कडू आले असतेल. आता जिभेला कळंना झालंय, डोळ्याला दिसंना झालंय. मला वाटत व्हतं, हातात अजून हाय सगळं. न्हाई राह्यलं."

"मंदिरात किती टोपल्या दिल्यास?"

"येकच. शुक्रवारी सांजच्याला."

"आणि ओढ्यातली?"

"ती गेली वाहून. शनवारी लाकडाला गेलते डोंगराकडं, आले तर न्हाई. जाऊ दे, कडूच व्हती." तिनं विळा हातात घेतला आणि वेलाच्या बुडाकडं बघितलं. "लोकांनी येऊन तोडण्यापरीस मीच तोडते."

"बुधवारपर्यंत थांब माय," राजेश्री म्हणाली. "माझी शपथ हाय."

 धुरपताबाईनं फक्त विळा बाजूला ठेवला.

ओढ्यातली टोपली शोधायला तिघं मंदिराकडं निघाले. मंदिराच्या मागं पत्र्याची खोली होती, तिथं सामुदायिक स्वैपाक व्हायचा. तिला कुलूप, आणि किल्ली सटवाजीच्या कमरेला. सटवाजी मंदिराची झाडलोट, पूजा बघायचा. पोरांना तो मंदिराच्या पायरीवरही उभं करत नसे.

"तुम्ही दोघं गप राहा," परमेश्वर म्हणाला. "आज माझा चेहरा कामाचा हाय." आणि तो पोट धरून, डोळ्यांत पाणी आणून सटवाजीपुढं जाऊन उभा राहिला. "आजोबा, माझ्या आजीचा तांब्या आत राह्यलाय. ती म्हणायली, तांब्या घेऊनच ये, न्हाईतर घरात घेत न्हाई. मला अजून चक्कर यायलीय, उभं राहवंना."

"कसला तांब्या?"

"पितळेचा. आजोबा, मी इथंच ओकू का?"

सटवाजीनं मुकाट्यानं किल्ली काढली. आत भांडी घासून पालथी घातलेली होती. कोपऱ्यात, लाकडांच्या मागं, टोपल्या. एक नव्हे, दोन. दोन्ही धुरपताबाईच्या हातच्या, तळाशी तिचीच वीण. गोपाळनं दुसरी टोपली उजेडात ओढली. कडीला अंबाडीच्या सुतळीचा हातभर तुकडा लोंबत होता आणि त्यात दोन गाठी तशाच होत्या.

"दोन गाठी," तो कुजबुजला. "म्हणजे एकच सुटली होती. दोन दिवस बाकी होते."

राजेश्रीनं ऐकलं नाही. टोपलीच्या दुसऱ्या बाजूला काळ्या रबराची एक पट्टी अडकली होती, गाडीच्या कॅरिअरला सामान बांधतात तशी. सायकलच्या ट्यूबमधून कापलेली. तिच्यावर तांबड्या कडेचं एक पंक्चरचं ठिगळ होतं. ते ठिगळ राजेश्रीनं स्वतः लावलं होतं, गेल्या पावसाळ्यात, तिच्याच सायकलला. ट्यूब पार गेल्यावर तिच्या पट्ट्या कापल्या तिच्या पप्पांनी.

तिनं ती पट्टी झटकन ओढून मुठीत घेतली आणि मूठ खिशात घातली.

"ही दुसरी टोपली कुणी आणली, आजोबा?" गोपाळनं विचारलं.

"मला काय म्हाईत? मी पूजेत व्हतो. माणसं जास्ती आली, भाजी कमी पडायली म्हणून बाया वरडायल्या. मग कुठून तरी उकडलेले काप आले, टाकले भाजीत. उकडलेलेच व्हते, बघायचं काय त्यात?" मग त्याला एकदम काहीतरी सुचलं. "तांब्या सापडला का?"

"घरीच असंल," परमेश्वर म्हणाला, आणि टोपली उचलून तिघं बाहेर पळाले.

त्या संध्याकाळी राजेश्री जेवायला बसली तेव्हा तिचे वडील, बालाजी, भाकरीचा एकच तुकडा कितीतरी वेळ मोडत होते. आई, सविता, म्हणाली, "एकादशीपासून यांच्या तोंडाची चवच गेलीय. एक शब्द धड बोलंनात."

"पप्पा," राजेश्रीनं विचारलं, "गाडीच्या कॅरिअरची ट्यूब कुठंय?"

बालाजींनी मान वर केली. एवढ्या तेवढ्यावरून ओरडणारा तिचा बाप त्या वेळी ओरडला नाही. "तुटली," ते म्हणाले. "जेव तू."

तिला तेव्हाच कळलं की त्यांना सगळं माहीत आहे. चूक झाली हे एक वेळ समजता आलं असतं. पण गेले तीन दिवस धुरपतामाय उपाशी बसली आहे, गाव तिच्या नावानं बोटं मोडतंय, आणि हे रोज तिच्या दारावरून शेतात जातात. राजेश्रीला रडू आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तिनं वरणाची वाटी तोंडाला लावली.

मंगळवारी सकाळी गोपाळनं वही उघडलीच नाही. "तुझ्या खिशात काय आहे?" त्यानं सरळ विचारलं. "कालपासून हात बाहेर काढत नाहीस."

राजेश्रीनं पट्टी त्याच्यापुढं धरली. ठिगळाकडं बघून परमेश्वरला कळलं. पंक्चर काढताना तोच तर पाण्याची बादली धरून बसला होता. "टोपलीला अडकली होती," राजेश्री म्हणाली. "पप्पांच्या गाडीची हाय."

"म्हणजे मामा," गोपाळ म्हणाला.

"म्हणजे माझ्या पोटाची ही दशा बालाजीकाकांनी केली," परमेश्वर म्हणाला, पण त्याचं त्यालाच हसू आलं नाही. "राजे, एक करू. टोपली दाखवू, गाठी दाखवू. पट्टी नको दाखवायला. माय सुटंल आणि काका बी वाचतेल."

राजेश्रीनं रात्रभर हाच विचार केला होता. "लोक म्हणतेल, दुसरी टोपली बी तिनंच आणून दिली आणि आता खोटं बोलायली. ती बी हो म्हणंल. तिला वाटायलंच की गलती तिचीच हाय."

"मग?"

"मग मला म्हाईत न्हाई." ती उठून घरात निघून गेली, आणि त्या दिवशी बुरूजही राहिला आणि सीताफळंही.

बुधवारी सकाळी तिघं टोपली घेऊन आधी धुरपताबाईकडं गेले. अंगणात पाऊल टाकलं आणि राजेश्री जागीच थांबली. लिंबाखाली वेलाचा ढीग पडला होता. बुडापासून कापलेला. पानं अजून हिरवी होती, फक्त कडा सुकायला लागल्या होत्या, आणि सुपारीएवढे, लिंबाएवढे, अजून न भरलेले करांदे मातीत सगळीकडं विखुरले होते. धुरपताबाई पदर डोक्यावरून घेऊन ओट्यावर बसली होती.

"तू थांबणार होतीस," राजेश्री म्हणाली.

"बैठकीला कोयता घेऊन पोरं येणार, असं ऐकलं. परक्याचा हात नको लागाया." ती उठली. तिला उभं राहताना भिंत धरावी लागली. "चला. काय म्हणतेत ते ऐकून घेऊ."

पारावर अर्धं गाव जमलं होतं. कमलबाई रात्रीच दवाखान्यातून आल्या होत्या. दत्तानं काल डोळे उघडून दूध मागितलं, हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं, पण सांगतानाही त्यांचा आवाज थकलेला होता. "मला कुणाचं वाईट करायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "पण परत असं व्हायला नको. धुरपताबाई, तुमाला काय बोलायचंय का?"

"माझी गलती हाय," धुरपताबाई म्हणाली. "वेल तोडलाय मी."

"न्हाई तिची गलती," राजेश्री म्हणाली.

पोरीसोरींनी बैठकीत बोलायची पद्धत नव्हती. दोन-तीन माणसं तिला खाली बसवायला उठली, पण कमलबाईंनी हात वर केला. राजेश्रीनं टोपली पुढं ठेवली. गोपाळनं दगडाची सुतळी बरोबर आणली होती; ती त्यानं टोपलीच्या सुतळीला लावून दाखवली, कापलेली टोकं तंतोतंत जुळली. तीन दिवसांचा हिशोब, तीन गाठी, त्यातल्या राहिलेल्या दोन. राजेश्रीनं सगळं सांगितलं. मायनं एकच टोपली दिली. ही दुसरी ओढ्यातून कुणीतरी कापून नेली, तिला न विचारता. मंदिरात ती कुणी बघितली नाही, तपासली नाही, आणि कडू लागल्यावरही कुणी तोंड उघडलं नाही.

सटवाजी खाकरला. "आणि आणली कोण? तिनंच आणली असंल, आता इसरली."

"म्या आणली असंल," धुरपताबाई पुटपुटली.

राजेश्रीनं खिशातली पट्टी बाहेर काढली. हातात धरली. सगळे तिच्याकडं बघत होते, आणि गर्दीत मागं, विजेच्या खांबाला टेकून, तिचे पप्पा उभे होते.  ती नुसती त्यांच्याकडं बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

बालाजी खांब सोडून पुढं आले. "ती माझ्या गाडीची हाय," ते म्हणाले. "मी आणलो टोपली. बाया म्हणल्या, करांदे कमी पडायलेत, तर मी धुरपतामायकडं गेलतो. ती घरी नव्हती. ओढ्यात टोपली दिसली, काप दिसले. मला वाटलं धुवायला ठेवलीय. सुतळी कापलो आणि घेऊन आलो. गाठींचं मला म्हाईत नव्हतं. पण नंतर लोक पडायले तवा मला कळलं, आणि मी बोललो न्हाई. दत्ता दवाखान्यात व्हता. मला भीती वाटली."

 कमलबाईंनी बालाजींकडं असं बघितलं की राजेश्रीला मान खाली घालावी लागली. मग त्या उठल्या, धुरपताबाईच्या पुढं जाऊन वाकल्या आणि तिचे पाय धरले. "आम्ही विचारलं सुदीक न्हाई तुमाला, माय," त्या म्हणाल्या.

धुरपताबाईचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. ती राजेश्रीकडं बघत होती. "मंग मी न्हाई चुकले?"

"न्हाई माय."

"निवडताना?"

"न्हाई. तुझी टोपली गोडच होती."

"माझ्या हातानं न्हाई झालं?"

"न्हाई झालं."

मग मात्र सगळे एकदम बोलायला लागले. कमलबाईंनी तिन्ही मुलांना जवळ घेतलं. "जे आमाला मोठ्यांला सुचलं न्हाई ते तुमी केलं," त्या म्हणाल्या, आणि शाळा उघडल्यावर हेडमास्तरांना सांगून तिघांचा सत्कार करायचा असंही ठरवून टाकलं. सटवाजीनं परमेश्वरच्या पाठीवर थाप मारली आणि तांब्याचा विषय काढला नाही. इथून पुढं मंदिराच्या स्वैपाकात जे येईल ते कुणी दिलं हे विचारल्याशिवाय पातेल्यात जाणार नाही, असा ठराव झाला. गोपाळचे कान लाल झाले होते. राजेश्रीला त्या कौतुकातलं काहीच गोड लागलं नाही. तिला तिथून कुठंतरी लांब जायचं होतं.

गर्दी पांगल्यावर धुरपताबाई तिथंच बसून होती. तोडलेल्या वेलाबद्दल कुणीतरी हळहळलं तेव्हा ती म्हणाली, "कंद हाय की खाली. मिरगाला फुटंल. औंदाचं गेलं तेवढं." मग थोड्या वेळानं, अगदी लहान पोरीसारखं, "राजे, भूक लागली गं मला."

"मी आणतो," बालाजी म्हणाले.

घरी सवितानं दोन भाकरी थापल्या आणि पिठलं केलं. तिनं नवऱ्याला काही विचारलं नाही. तिच्यापर्यंत सगळं आधीच पोचलं होतं. बालाजींनी ताट फडक्यानं झाकून स्वतः उचललं. राजेश्री पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागं निघाली. रस्त्यानं लोक त्यांच्याकडं बघत होते. काहींनी तोंडं फिरवली. बालाजी मान खाली घालून चालत होते आणि ताट दोन्ही हातांनी घट्ट धरून होते.

ओढ्याच्या वळणावर ते थांबले.

"तू उभी राह्यली नसतीस," ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "तर मी गपच बसलो असतो. आज बी, उद्या बी. हे तुला म्हाईत असू दे."

 राजेश्रीला बापाचा राग येत होता आणि त्यांची कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम येतात हे तिला आजवर माहीत नव्हतं. ती त्यांच्या शेजारून चालायला लागली, आणि दोघं धुरपताबाईच्या अंगणात शिरले. ओट्यावर ती वाट बघत बसली होती. बालाजींनी ताट तिच्यापुढं ठेवलं, आणि ती जेवेपर्यंत दारात उभे राहिले.